जातीचा शिक्का आता यंत्रात?

कारंजा लाडचा आपला विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी सेतू केंद्रात जातो, तेव्हा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक असे सारे काही देऊन येतो. हक्काची सवलत मिळवायची तर घरादाराची माहिती उघड करावी लागते. म्हणूनच माहितीच्या गोपनीयतेचा प्रश्न हा केवळ मोबाईलवाल्या श्रीमंतांचा नाही, तो सर्वांत आधी आपला आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे जादू नव्हे. जुन्या नोंदी वाचून यंत्र अंदाज बांधायला शिकते. नोंदी करणाऱ्याच्या मनात जात असेल, तर ती यंत्राच्या अंदाजात उतरणारच! १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, परंतु पारध्यांच्या पालावरचा पोलिसी संशय संपला काय?

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरविण्यासाठी नागपुरात 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. गुन्हे उघडकीस यावेत याला कोणाचा विरोध असणार? पण यंत्राला शिकविण्यासाठी कोणत्या नोंदी दिल्या, हे जनतेला कळलेच पाहिजे. उद्या यंत्राने एखाद्या वस्तीकडे बोट दाखविले, तर जाब कोणाला विचारायचा?

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला. मात्र गुन्हे रोखणे व त्यांचा तपास करणे यासाठी त्यातील बहुतेक बंधने लागूच होत नाहीत. म्हणजे जिथे संरक्षणाची खरी गरज, तिथेच कुंपणाला भगदाड!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये नागरिकाची व्यक्ती, घर आणि कागदपत्रे यांना अन्यायकारक झडतीपासून संरक्षण मागितले होते. आज आपली कागदपत्रे संगणकात आहेत, आणि त्यांची झडती दार न ठोठावताच होऊ शकते.

तेव्हा सुशिक्षित तरुणांनो, यंत्राला घाबरू नका, त्याला प्रश्न विचारा. दाखला कशासाठी घेतला, कोणाला दिला, किती दिवस ठेवणार, हे लेखी मागा. पोलिसी यंत्रांची स्वतंत्र तपासणी व्हावी आणि ती करणाऱ्यांत भटक्या-विमुक्तांचे, दलितांचे प्रतिनिधी असावेत, ही मागणी चळवळीने आत्ताच लावून धरली पाहिजे. कागदावरचा शिक्का पुसायला ८१ वर्षे लागली. यंत्रातला शिक्का तर डोळ्यांना दिसणारही नाही.