Explained : ‘बोल, मगच देईन’ नको! मूल पुढे, थेरपिस्ट मागे. काय आहे ही स्पीच थेरपी?

घोडबंदर : समजा, ऑटिझम असलेला तीन वर्षांचा मुलगा खिडकीतून घोडबंदर रोडवरचे ट्रक पाहण्यात रमला आहे. आई बिस्कीट मागे धरून म्हणते, ‘बिस्कीट बोल, मगच देईन.’ मुलगा रडतो, शब्द काही येत नाही. अशा वेळी काय करावे?

नेमके वेगळे काय?
बालकेंद्री थेरपीची सुरुवात मुलाच्या आवडीपासून होते. थेरपिस्ट जमिनीवर बसून खेळण्यातला ट्रक ढकलतो, ‘ट्रक आला!’ म्हणतो आणि थांबतो. मुलाने पाहिले, बोट दाखवले किंवा नुसता आवाज काढला, तरी ते उत्तर मानले जाते. कॅनडात १९७५ मध्ये सुरू झालेला हॅनेन कार्यक्रम पालकांना हेच शिकवतो.

चित्रकार्डांमुळे बोलणे थांबते का?
नाही. चित्रे किंवा टॅबवरून मागता आल्याने बोलणे मागे पडत नाही, असे संशोधन सांगते.

कुठे जायचे?
मिरा रोडहून लोकलने वांद्रे गाठा. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा.

खर्चाचे काय?
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढल्यास ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो.

लक्षात ठेवा
‘इतक्या महिन्यांत बोलेल’ अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहा. आणि आज घरी बिस्कीट मागे धरू नका; ‘बिस्कीट!’ म्हणत हातात द्या.