ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य : महाराष्ट्र राज्यातील सागरी पाणथळ प्रदेशाचे एक संरक्षित क्षेत्र. क्षेत्रफळ सु. १,६९०·५ हेक्टर, पैकी सु. ८९६ हेक्टर कच्छ वनश्रीखाली असून उर्वरित भाग खाडीच्या पाण्याचा आहे. ठाणे खाडीच्या पश्चिम काठालगत, ऐरोली पूल व वाशी पूल यांच्या दरम्यान ते पसरलेले आहे. महाराष्ट्र शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ते अभयारण्य म्हणून घोषित केले. मालवणच्या सागरी अभयारण्यानंतरचे (१९८७) हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांविषयीचा करार १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झाला. त्याखालील यादीत २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश झाला. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातील तिसरे रामसर क्षेत्र असून त्यात अभयारण्याबरोबर सभोवारचा परिसंवेदी पट्टाही धरला असल्याने त्याचे क्षेत्र सु. ६,५२१ हेक्टर भरते.

ठाणे खाडी सु. २६ किमी. लांब असून तिच्या पश्चिमेस साष्टी बेट व पूर्वेस नवी मुंबईचा मुख्य भूभाग आहे. दक्षिणेस ती मुंबई बंदराच्या विस्तीर्ण जलाशयास मिळते, तर उत्तरेकडे एका अरुंद फाट्याने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे. पावसाळा सोडल्यास खाडीत गोड्या पाण्याची आवक फारच थोडी असते. त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याची क्षारता समुद्राच्या पाण्याइतकी होते व पावसाळ्यात ती एकदम उतरते. भरतीबरोबर आलेला गाळ आतल्या उथळ भागात साचत राहतो. ओहोटीच्या वेळी दोन्ही काठांना चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. खाडीचे सारे जीवन या चिखलावर अवलंबून आहे.

वनश्री : खाडीकाठच्या कच्छ वनश्रीत तिवराचे (ॲव्हिसेनिया मरीना) प्राबल्य आहे. त्याखेरीज कांदळ, चिपी, काजळा, मारांडी इ. वनस्पती कमी-अधिक प्रमाणात आढळतात. चिखलात ऑक्सिजन फारसा नसल्याने तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी जमिनीतून वर येतात. पानांवाटे जादा मीठ बाहेर टाकले जाते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांबट अंकुर खाली चिखलात पडून मूळ धरतो. गळलेली पाने कुजून सूक्ष्मजीवांचे, त्यांच्यावर कोळंबी, खेकडे व लहान मासे यांचे आणि त्यांच्यावर पक्ष्यांचे व माणसांचे पोषण होते. ही वनश्री लाटांचा मारा सोसते आणि उधाणाचे पाणी अडविते, हा तिचा शहराला होणारा वेगळा लाभ होय.

प्राणिजीवन : ओहोटीच्या वेळी चिखलावर उड्या मारीत फिरणारे निवटे हे मासे असूनही पाण्याबाहेर बराच काळ राहू शकतात, कारण ओल्या त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून त्यांना हवा घेता येते. एक नांगी अवाढव्य वाढलेली असून ती हालवून मादीला खुणावणारे लहान खेकड्यांचे नर हजारोंच्या संख्येने बिळांच्या तोंडाशी दिसतात. चिंबोऱ्या, कोळंबी, कालवे, शिंपल्या तसेच बोय, शिंगाळा, जिताडा इ. मासे येथे मिळतात. काठावरील गावांतील कोळी व आगरी लोकांची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या यांवर चालत आली आहे. सस्तन प्राण्यांपैकी कोल्ह्याचे येथील अस्तित्व उल्लेखनीय आहे. दोन्ही बाजूंनी दाट वस्ती असूनही कच्छ वनश्रीच्या आडोशाने तो टिकून असून खेकडे, उंदीर व मेलेले मासे खाऊन राहतो.

रोहित पक्षी : अभयारण्याला ज्याचे नाव मिळाले, त्या फ्लेमिंगोस मराठीत रोहित वा अग्निपंख म्हणतात. मोठा रोहित (फीनिकॉप्टेरस रोझियस) सु. १२० ते १४५ सेंमी. उंच असून त्याची चोच फिकट गुलाबी व टोकाशी काळी असते. लहान रोहित (फीनिकोनायस मायनर) सु. ८० ते ९० सेंमी. उंच, रंगाने अधिक गडद व चोच काळपट किरमिजी असलेला असतो. ठाणे खाडीत लहान रोहिताची संख्या बरीच जास्त असते. दोन्ही जाती मान खाली वाकवून चोच उलटी पाण्यात धरतात आणि जिभेच्या दट्ट्यासारख्या हालचालीने पाणी व चिखल आत-बाहेर खेळवितात. चोचीच्या कडांवरील पटलिकांमध्ये अन्न गाळले जाते. लहान रोहिताच्या पटलिका अतिशय बारीक असल्याने नील-हरित शैवले व करंडक वनस्पती हे त्याचे मुख्य अन्न होय. मोठा रोहित लहान कवचधारी प्राणी, मृदुकाय प्राणी व कीटकांचे डिंभ खातो. एकाच चिखलावर दोघेही चरू शकतात, याचे कारण या फरकात आहे. पिसांचा गुलाबी रंग अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून येतो. पिल्ले व अल्पवयीन पक्षी करड्या रंगाचे असतात.

मुंबईच्या परिसरात शिवडीच्या चिखलपट्टीवर रोहितांचे मोठे थवे नियमितपणे दिसू लागले, ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून. पुढे ते खाडीच्या आतील भागातही पसरले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) २०१९ मध्ये केलेल्या गणनेत त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. येथे ते अंडी घालीत नाहीत. भारतातील त्यांची विणीची प्रमुख स्थाने गुजरातमधील कच्छच्या रणांत असून तेथे पावसाळ्यानंतर उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाचे उंचवटे करून त्यांवर मादी सामान्यतः एकच अंडे घालते. डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी मोठ्या रणातील या वसाहतीचा अभ्यास केला होता. सोसायटीने २०२२ मध्ये ठाणे खाडीतील सहा रोहितांना उपग्रहाद्वारे मागोवा घेणारी यंत्रे बसविली. त्यांपैकी काही पक्षी पावसाळ्यात गुजरातेत गेल्याचे दिसून आल्याने या दोन प्रदेशांमधील संबंधास प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

ऋतुमान व पक्षिनिरीक्षण : ठाणे खाडी मध्य आशियाई स्थलांतर मार्गावर आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून उत्तरेकडील चिखलपक्षी येऊ लागतात. सायबीरियाच्या ध्रुवीय प्रदेशात वीण करून आलेले टिलवे व बाकदार चोचीचे तुतवार, तसेच चिखल्या, टिमे, मालगुजे, कोरल यांचे थवे ऑक्टोबरपर्यंत स्थिरावतात. त्यांच्या चोचींची लांबी वेगवेगळी असल्याने चिखलाच्या निरनिराळ्या थरांतील अन्न ते वाटून घेतात : चिखल्या पृष्ठभागावरचे किडे टिपतो, तर कोरल आपली लांब बाकदार चोच खोल बिळात घालून खेकडे व कृमी ओढून काढतो. नोव्हेंबरपासून रोहितांचे थवे वाढत जातात. हिवाळ्यात कुरव, सुरय, थापट्या, उचाट्या, चमचा, चित्रबलाक, पांढरा शराटी हे पाणपक्षी आणि कैकर व दलदली भोवत्या हे शिकारी पक्षी दिसतात. बगळे, शेकाट्या व खंड्या हे बहुतेक वर्षभर असतात.

फेब्रुवारी ते मे हा रोहितांच्या गर्दीचा काळ होय. एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवरील चिखलपक्ष्यांनी विणीचा पिसारा धारण केलेला असतो. एरवी करडा दिसणारा मालगुजा तांबूस होतो आणि बाकदार चोचीच्या तुतवाराचा खालचा भाग विटकरी बनतो. त्यामुळे हिवाळ्यात ओळखण्यास कठीण असलेल्या जाती या महिन्यात सहज ओळखता येतात. जूनमध्ये पावसाबरोबर बहुतेक रोहित निघून जातात. थोडे अल्पवयीन पक्षी मागे राहतात.

पक्षिनिरीक्षणाची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण ओहोटीस पक्षी दूरवरच्या चिखलावर विखुरलेले असतात व पूर्ण भरतीस चिखल बुडाल्याने ते तेथून उठून जातात. भरती चढत असताना आणि ती उतरू लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत ते काठाजवळ एकवटतात. तोच काळ निरीक्षणास सोयीचा. भरतीची वेळ काढण्यासाठी कोकण किनाऱ्यावर रूढ असलेला तिथीचा आडाखा येथेही उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीचा तास स्थूलमानाने मिळतो : चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. खाडीच्या आतील भागात भरती बंदरापेक्षा काहीशी उशिरा पोहोचते, हे लक्षात घ्यावे लागते. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणामुळे चिखल अधिक प्रमाणात उघडा पडतो व झाकलाही जातो. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढउतार कमी असते. ऐरोली येथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथून नौकेने पक्षिदर्शनाची सोय आहे. थवा उडेल इतक्या जवळ नौका नेणे टाळावे लागते, कारण परतीच्या प्रवासासाठी साठविलेली चरबी अशा उड्डाणांत खर्ची पडते.

संरक्षणाचे प्रश्न : खाडीच्या पूर्वेस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा व दोन्ही काठांस महानगरांची वस्ती असल्याने सांडपाणी व औद्योगिक उत्सर्ग दीर्घकाळ तिच्यात येत आहेत. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे शैवलांची वाढ होते आणि रोहितांची संख्या वाढण्याचे ते एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणून रोहितांची विपुलता ही खाडीच्या आरोग्याची खूण मानता येत नाही. जड धातू गाळात साचत असून स्वच्छ पाणी लागणाऱ्या माशांचे व शिंपल्यांचे उत्पन्न घटल्याची मच्छीमारांची तक्रार आहे.

कच्छ वनश्रीची तोड व तिच्यावर भराव टाकणे यांस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने व २०१८ मध्ये अंतिम निर्णयाने मनाई केली. राज्याच्या वन विभागात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. या उपायांनी तिवरांचे क्षेत्र पुष्कळसे सुरक्षित झाले. परंतु गाळाने उथळ झालेल्या भागात तिवर पुढे सरकत असल्याने उघड्या चिखलाचे क्षेत्र काही ठिकाणी आक्रसत आहे. चिखलपक्ष्यांना व रोहितांना चरण्यासाठी झाडी नव्हे, तर हा उघडा चिखल लागतो. त्यामुळे एकाचे संरक्षण केल्याने दुसऱ्याचे आपोआप होते, असे नाही.

सर्वांत बिकट प्रश्न भरतीच्या वेळच्या विसाव्याचा आहे. चिखल पाण्याखाली गेला, की दिवसातून दोनदा हजारो पक्ष्यांना उथळ पाण्याची वा कोरडी मोकळी जागा लागते. भांडुपसारख्या भागांतील मिठागरे आणि नेरुळ, सीवूड्स व उरण परिसरांतील पाणथळी ही अशी स्थाने असून त्यांपैकी पुष्कळशी अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. ती भरावाखाली गेली किंवा त्यांत येणारे भरतीचे पाणी अडले, तर सीमेच्या आतील चिखल सुरक्षित असूनही पक्ष्यांस निरुपयोगी ठरेल. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळ येथील एका पाणथळीत भरतीचे पाणी येण्याची वाट बंद झाल्याने पाणी आटले आणि त्या सुमारास तेथे काही रोहित मृत्यू पावले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपर भागात उतरणाऱ्या एका विमानाशी थव्याची टक्कर होऊन तीसहून अधिक रोहित मरण पावले. चरण्याच्या व विसाव्याच्या जागांमधील ये-जा महानगराच्या आकाशातूनच होत असल्याने विसाव्याची स्थाने हलली, तर उड्डाणाचे मार्गही बदलण्याचा संभव असतो. जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या २१·८ किमी. लांबीच्या शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचा प्रारंभ शिवडीच्या चिखलपट्टीवरूनच होतो. बांधकामाच्या काळात तेथील पक्षी कमी झाल्याचे आढळले होते. सेतूवर आवाज व दृश्य अडविणारे पडदे बसविण्यात आले आहेत.

कागदावर आखलेली सीमा पक्ष्यांच्या दिनक्रमाशी जुळत नाही, ही या अभयारण्याची मूळ अडचण आहे. रामसर क्षेत्रात परिसंवेदी पट्ट्याचा अंतर्भाव झाल्याने ती काही अंशी दूर झाली असली, तरी खाडीचा चिखल, काठावरील तिवर, मिठागरे व नवी मुंबईतील पाणथळी यांचा एकच जलव्यवस्था म्हणून विचार होणे आवश्यक आहे. यांपैकी कोणताही एक दुवा तुटल्यास त्याचा परिणाम ठाणे खाडीपुरता राहणार नाही. कच्छच्या रणात वीण करणाऱ्या रोहितांपासून सायबीरियाला परतणाऱ्या टिलव्यांपर्यंत तो पोहोचेल.