तडकलेल्या सांध्याचा बंदोबस्त

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या सातपुरात, १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे कामगारांची जी वस्ती वाढत गेली, तिच्यातील जुन्या घरांना डोक्यावर केवळ सफेदी दिलेला स्लॅब असे. आज त्याच घरांच्या बैठकीच्या खोलीत आणि नव्या सदनिकांतून त्या स्लॅबखाली जिप्सम बोर्डाचे दुसरे छत टांगलेले आढळते, आणि त्याच्या गुळगुळीत पांढऱ्या पृष्ठभागावर वर्षा-दोन वर्षांत, बहुधा एका सरळ रेषेत, बारीक भेग उमटते. घरमालक रंगाऱ्याला बोलावतो, रंगारी लांबी भरून वरून रंगाचा हात फिरवतो, आणि पुढील उन्हाळ्यात भेग त्याच जागी पुन्हा हजर होते. या पुनरावृत्तीचे कारण ध्यानी घेतले, तर ही दुरुस्ती कोणाही नेटक्या हाताच्या माणसाला घरच्या घरी करता येते, अशी माझी खात्री आहे.

भेग सरळ असते, कारण ती छताच्या रचनेतील एका सांध्यावरून धावत असते. साडेबारा मिलिमीटर जाडीचे, सहा फूट लांब व चार फूट रुंद असे बोर्ड, सुमारे दीड-दीड फुटांवर बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांना स्क्रूने आवळून हे छत सिद्ध होते. बोर्डाचा गाभा जिप्समचा, म्हणजे ज्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्याचाच असतो अशा खनिजाचा. हे खनिज दीडशे अंशांच्या आसपास तापवले की त्यातील पाऊण हिस्सा पाणी उडून जाते आणि आपल्या परिचयाचे प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. त्यात पुन्हा पाणी मिसळले की ते घट्ट बसते. परंतु असा गाभा ताण सोसण्यास अगदीच दुर्बल असल्याने, ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन गृहस्थाने १८९४ साली पेटंट घेतले ते प्लास्टर आणि कागद यांचे थर एकमेकांवर रचलेल्या फळ्यांचे. आजच्या बोर्डाचे ताण सोसण्याचे बळही त्याच्या दोन्ही अंगांच्या जाड कागदातच साठवलेले असते. जेथे दोन बोर्ड एकमेकांस भिडतात, तेथे नेमका हाच कागद खंडित होतो. सांध्यावर बसवायची कागदी पट्टी, म्हणजे जॉइंट टेप, ते खंडित बळ पुन्हा जोडून देते, आणि पट्टीखालचे मिश्रण तिला जागेवर धरून ठेवण्यापुरतेच असते. ज्याने पट्टी गाळून नुसती लांबी भरली, त्याने सांधा जोडलेलाच नाही.

आता हा ताण येतो कोठून, ते पाहिले पाहिजे. नाशिकच्या हिवाळ्यात पहाटेचा पारा दहा अंशांखाली उतरतो आणि वैशाखात भर दुपारी चाळीस ओलांडतो. काँक्रीटच्या दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान वीस अंशांनी वाढले, तर तो सुमारे दोन मिलिमीटरांनी लांबतो, आणि वरच्या मजल्यावरील उघड्या गच्चीच्या स्लॅबला असा फरक सोसणे नित्याचे असते. जिप्समचे छत या स्लॅबला टांगलेले आणि चारही भिंतींना जखडलेले असल्यामुळे ही हालचाल त्याच्यापर्यंत पोहोचते आणि सर्वांत दुबळ्या जागी, सांध्यावर, प्रकट होते. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या तक्तपोशीत सुतार दोन फळ्यांमधील फट लाकडी पट्टीने झाकीत, पण फळ्यांना ऋतुमानाप्रमाणे फुगण्या-आकसण्याची मोकळीक राखीत. सांधा दिसू नये हा हट्ट त्यांना नव्हता. आजच्या अखंड पांढऱ्या छताची हौस मी गैर मानीत नाही, मात्र त्या अखंडपणाची किंमत सांध्याच्या कामात मोजावी लागते.

हालचालीखेरीज भेगेची आणखी दोन कारणे संभवतात: सैल पडलेले स्क्रू आणि पाण्याची गळती. भेगेच्या दोन्ही बाजूंना तळहाताने हलकेच दाबून पाहावे. बोर्ड वर-खाली होत असेल, तर दोष स्क्रूंचा. भेगेभोवती पिवळसर डाग वा फुगलेला कागद दिसला, तर वरच्या स्नानगृहाचा किंवा गच्चीचा बंदोबस्त होईपर्यंत छताला हात लावू नये, आणि भिजून मऊ पडलेला तुकडा कापून नवाच बसवावा. सातपूरच्या कारखान्यांतून आयुष्य घालवलेल्या फिटर मंडळींच्या घरी फिलर गेज असतेच. त्याची पाती भेगेत सरकवून रुंदी मोजावी, टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे. तत्कालीन भारतीय मानक संस्थेने इमारतींतील भेगांची कारणे व प्रतिबंध यांविषयी १९८४ साली जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात एक मिलिमीटरहून कमी रुंदीची भेग बारीक, दोनपर्यंतची मध्यम आणि त्यापुढची रुंद मानली आहे. भेग वाढत असेल, किंवा ती सांधा सोडून भिंतीत तिरपी उतरत असेल, तर तो विषय छताच्या कारागिराचा नसून संरचना अभियंत्याचा आहे. काळ्या जमिनीवर, जी पावसात फुगते आणि उन्हात आकसते, पाया असलेल्या घरांनी ही खातरजमा विशेष करावी.

दुरुस्तीला मुहूर्त म्हणून लोक दिवाळी पकडतात. माझ्या मते पौष-माघाचे कोरडे, थंड दिवस अधिक अनुकूल, कारण तेव्हा हवेत पावसाळी दमटपणा नसतो आणि चैत्रातल्यासारखे मिश्रण वरवर झटकन वाळून चिरतही नाही. प्रथम मेन स्विच बंद करावा, कारण छताच्या पोकळीतून दिव्यांच्या तारा गेलेल्या असतात. मग भेगेच्या दोन्ही अंगांना, सांध्याच्या कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत, पंचवीस मिलिमीटरचे नवे स्क्रू पत्र्याच्या पट्टीत आवळावे. डोके कागदाच्या किंचित आत जावे, परंतु कागद फाटता कामा नये. फाटलेल्या कागदातील स्क्रू काहीच धरीत नाही. त्यानंतर भेगेच्या दोहो बाजूंना हातभर रुंदीत रंग व जुनी लांबी खरवडावी, सुटलेली पट्टी ओढून काढावी, आणि धूळ ओल्या फडक्याने पुसून जागा वाळू द्यावी.

पुढचा टप्पा घाईचा नाही. जिप्सम बोर्डासाठीच बनवलेले जॉइंटिंग कंपाउंड फटीत दाबून भरावे, वर त्याचाच पातळ थर द्यावा, आणि तो ओला असतानाच कागदी पट्टी मधोमध ठेवून पुट्टीच्या पात्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाबत न्यावी, म्हणजे खालची हवा व जादा मिश्रण बाहेर पडेल. पट्टीखाली मिश्रण कमी पडले तर फुगा येतो, आणि फुगा हीच उद्याची भेग. हा थर पूर्ण वाळल्यावर दुसरा थर अधिक रुंद, आणि तो वाळल्यावर तिसरा फूटभर रुंदीचा, कडांकडे विरत जाणारा द्यावा. कारखान्यातून आलेल्या बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या केलेल्या असल्याने पट्टी तेथे खोलगटात बसते; कापलेल्या कडांना तशी सोय नसते, म्हणून तेथे उंचवटा दिसू नये यासाठी थर आणखी दूरवर पसरावा लागतो. काचकागद बारीक घ्यावा, तोंडाला मास्क लावावा, आणि पट्टीचा कागद उघडा पडेल इतके घासू नये.

बाजारात चिकट जाळीची फायबर टेपही मिळते आणि कारागिरांना ती सोयीची वाटते. छताच्या सपाट सांध्यावर मात्र मी कागदीच पट्टी सुचवीन, कारण जाळी ताणाखाली अधिक लांबते. भिंतींच्या गिलाव्यावर चांगली ठरणारी व्हाइट सिमेंटची पुट्टी बोर्डाच्या सांध्यात वापरू नये, आणि सिलिकॉन तर मुळीच नको, त्यावर रंग बसत नाही. छत भिंतीस मिळते तेथील भेगेत मात्र रंग घेणारा ॲक्रिलिक सीलंट भरावा; तो लवचीक असल्याने थोडी हालचाल सोसतो. नवे छत करवून घेताना भिंतीकडेने बारीक खाच मोकळी सोडण्याची तजवीज केली, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. शेवटी दुरुस्त केलेल्या जागेला प्रायमर देऊन मगच संपूर्ण छताला रंग द्यावा, नाहीतर कोरडे मिश्रण रंग शोषून घेते आणि पट्टा वेगळा दिसतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एक सूचना. ज्या तापण्यामुळे स्लॅब लांबतो, त्याचा उपाय गच्चीवर आहे. फाल्गुन सरण्यापूर्वी तेथे चुन्याची दाट सफेदी किंवा ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा, आणि ऐपत असल्यास चायना मोझॅक करून घ्यावे, मात्र पाण्याच्या उताराचा ढाळ आधी तपासून.