फटीतून आलेली तिरीप

बंद खोलीत कंदील जळतोय, हे अंगणातल्या माणसाला कळतं ते दाराच्या फटीतून आलेल्या तिरिपेवरून. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंस्थेतले कनक साहा आणि त्यांचे सहकारी अशीच एक तिरीप शोधत होते, त्यांची खोली म्हणजे एक अख्खी दीर्घिका.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवलं आणि हायड्रोजनचे अणू जुळले. मग तारे उजळेपर्यंत काळोख. आज मात्र दीर्घिकांच्या मधला जवळजवळ सगळा हायड्रोजन पुन्हा फुटलेला, आयनीभूत आहे. पहिल्या साधारण १०० कोटी वर्षांतच हे घडून गेलं. कोणी केलं? संशय कोवळ्या, अतितप्त ताऱ्यांवर आहे. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा किरण हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उडवतो. पण ज्या वायूच्या कुशीत तारे जन्मतात, तोच वायू हे किरण गिळून टाकतो. त्यातून निसटतात किती, यावर सगळं अडलं आहे. त्या आदिम दीर्घिकांकडे थेट पाहून हे मोजता येत नाही, कारण वाटेतला हायड्रोजन ते किरण इथवर पोहोचूच देत नाही. म्हणून त्यांच्या वळणाच्या, पण नंतरच्या काळातल्या दीर्घिका तपासायच्या.

२०१५च्या सप्टेंबरात अवकाशात गेलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहानं ऑक्टोबर २०१६मध्ये आकाशाचा एक तुकडा २८ तासांहून अधिक निरखला. त्यात ‘एयूडीएफएस०१’ ही दीर्घिका सापडली. तिचा प्रकाश ९३० कोटी वर्षं चालत आलेला. निघताना सुमारे ६० नॅनोमीटरचा किरण विश्वाच्या प्रसरणानं ताणला जाऊन जवळजवळ १४५ नॅनोमीटरचा झाला होता. वातावरण असा किरण अडवतं. तो टिपायचा तर दुर्बीण वरच हवी.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. ‘ॲस्ट्रोसॅट’च्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा, ‘हबल’चा २.४ मीटरचा. तरीही ही तिरीप ‘हबल’ला दिसली नव्हती, त्याच्या शोधकातल्या गोंगाटात ती बुडून गेली असती. आपल्या दुर्बिणीचा शोधक एकेक प्रकाशकण मोजतो आणि त्याची पार्श्वभूमी विलक्षण शांत आहे. ऑगस्ट २०२०मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त हा शोध प्रसिद्ध झाला. या दीर्घिकेचे २० टक्क्यांहून अधिक आयनीकारक किरण बाहेर पडत असावेत, असा त्यातला अंदाज आहे.

एका दीर्घिकेवरून साऱ्या विश्वाचा हिशेब मांडता येणार नाही. दुसऱ्या बाजूनं शोध चालतो तो नारायणगावजवळच्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी खुद्द त्या आदिम हायड्रोजनचा माग काढायचा प्रयत्न केला आहे. त्याची २१ सेंटिमीटरची रेडिओलहर आपल्यापर्यंत येताना सुमारे दोन मीटर लांब झालेली असते. आपल्याच आकाशगंगेच्या कितीतरी पट प्रखर रेडिओ-गोंगाटातून ती वेगळी काढायची आहे.