पुडीत आली, वावरात टिकली का?

बुरशी म्हटली की शेतकऱ्याला आधी गव्हावरचा तांबेरा आठवतो. म्हणूनच 1885 साली जर्मनीच्या आल्बर्ट फ्रांक यांनी मूळ आणि बुरशी एकमेकांना पोसतात असं मांडलं, तेव्हा तज्ज्ञांनाही ते चटकन पटलं नाही. 1953 मध्ये इंग्लंडमध्ये बार्बरा मॉस यांनी स्ट्रॉबेरीच्या मुळांशी अशा बुरशीचा संबंध प्रयोगाने दाखवला आणि शेतीतल्या वापराची वाट मोकळी झाली.

भारतात मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडी जमवणारी ही बुरशी, या विषयाने जोर धरला तो 1980 नंतर. 1988 मध्ये मद्रासला पहिली आशियाई मायकोरायझा परिषद भरली. दिल्लीच्या ‘टेरी’ या संशोधन संस्थेने ही बुरशी प्रयोगशाळेत मुळांवर वाढवण्याचं तंत्र विकसित केलं, तर गोवा विद्यापीठात बर्नार्ड रॉड्रिग्ज यांनी तिच्या प्रजाती नोंदवल्या. 2009 मध्ये खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाला जागा मिळाली आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या या बुरशीच्या पुडीला सरकारी मानकं लागू झाली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या गहू पिकवणाऱ्याला याचा उपयोग काय? इथला हिवाळा तोकडा, ओलीत मोजकं. गव्हाला एकच पाणी देता येत असेल तर ते चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास द्या, दोन असतील तर विसाव्या आणि साठाव्या दिवसाच्या आसपास, असं कृषी विद्यापीठं सांगत आली. मधल्या ताणात बुरशीचे तंतू कामी येतात. केसाहून बारीक असल्याने मुळांना न पोचणाऱ्या छिद्रांत ते शिरतात, काळ्या मातीत अडकलेलं स्फुरद आणि जस्त ओढून आणतात. बदल्यात गहू त्यांना साखर देतो. मात्र गव्हाचा प्रतिसाद सगळीकडे सारखा नाही: कुठे उत्पन्न वाढलं, कुठे फरकच दिसला नाही.

त्यामागचं एक मोठं कारण आपल्याच मशागतीत आहे. स्फुरद भरपूर मिळालं की पीक बुरशीला दाद देत नाही. रोटाव्हेटर तिचं जाळं तोडतो. गहू निघाल्यावर जूनपर्यंत रिकाम्या वावरात तिला जिवंत मूळच मिळत नाही. म्हणजे एका हाताने पुडी आणि दुसऱ्या हाताने डीएपी या स्फुरदयुक्त खताची पूर्ण मात्रा, असा हा व्यवहार झाला. याच जिल्ह्यातले शेतकरी सुभाष शर्मा 1994 पासून रसायनांशिवाय, शेण आणि झाडाझुडपांच्या बळावर माती जगवत आले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वाट पुडीपासून नाही, मातीपासून सुरू होते.

इतक्या वर्षांचा हिशोब एवढाच सांगतो: माती परीक्षणात स्फुरद पुरेसं असेल तर आधी डीएपी कमी करा, बुरशी बियाण्याच्या खाली, मुळाला लागेल अशी टाका, आणि शेजारी एक पट्टा पुडीविना ठेवा. खळ्यावर दोन्हीची पोती वेगळी मोजली, तरच पुढच्या हंगामात पुडी घ्यायची की नाही ते ठरेल.