मागची बॅटरी का भरत नाही?

नेसरीच्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या दिसतात. त्यांचे दिवे ट्रॅक्टरच्याच बॅटरीवर चालतात. पिकअपमागे जोडलेल्या ट्रेलरवर मात्र वेगळी बॅटरी असली, की चार्जिंगची तक्रार हमखास येते.

इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. चालू केल्यावर पुढच्या बॅटरीवर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. पुढे आकडा चढला आणि मागे 12.4 वरच अडला, तर अल्टरनेटरला दोष देऊ नका. आधी फ्यूज, मग रिले, मग प्लगच्या पिनांवरचा हिरवट बुरा पाहा.

खरा चोर बहुधा अर्थिंग. हुकाच्या गंजातून आणि ग्रीसमधून करंट नीट परतत नाही. निगेटिव्हची स्वतंत्र वायर ओढा. जाडीही पाहा. येण्याजाण्याची मिळून 12 मीटर वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर 10 अँपिअरला जवळजवळ 1.4 व्होल्ट वाटेतच जातात. सहा चौरसची घातली तर तोटा 0.35 च्या आसपास. फ्यूज मात्र दोन्ही बॅटऱ्यांजवळ बसवा. वायर घासून शॉर्ट झाली तरी आगीचा धोका कमी राहील.