बिऱ्हाड बर्लिनला!

बर्लिनमध्ये फ्लॅट मिळाला म्हणून पेढे वाटायची घाई नको. आधी स्वयंपाकघर बघून या. बऱ्याच घरांत तिथे नुसत्या चार भिंती, पाण्याचा पाइप आणि छतातून लोंबणारी वायर एवढंच असतं. ओटा, सिंक, कपाटं आधीच्या भाडेकरूने उचलून नेलेली असतात. नेली नसतील, तर तो त्यांची किंमत सांगायला दारात उभा असतो.

इमारतीला नंबर असतो, फ्लॅटला मात्र बहुधा नाही. पोस्टमन बेलवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव वाचतो. तिथे तुमचं आडनाव नसेल, तर बँकेचं कार्ड आल्या पावली परत! राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची सरकारदरबारी नोंद, करायची असा कायदा आहे. घरमालकाच्या सहीचा दाखला सोबत न्यायचा. कार्यालयाची अपॉइंटमेंट त्या दोन आठवड्यांतली मिळेलच, असं मात्र कायदा म्हणत नाही. नोंद झाली की पाठोपाठ पत्र हजर: रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरटी महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही? तरीही भरा.

मेट्रो स्टेशनात शिरताना गेट नाही, अडवणारं कुणी नाही. फुकट वाटतं ना? साध्या कपड्यांतला तपासनीस डब्यात चढला की ६० युरो दंड. कागदी तिकीट घेतलं, पण फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारला नाही, तरी तेच.

रिकाम्या बाटल्या फेकू नका, त्या म्हणजे चिल्लर. प्लास्टिकच्या साध्या बाटलीचे २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. सुपरमार्केटातल्या यंत्राच्या तोंडात एकेक सरकवायची, ते ती फिरवून बघतं, गिळतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. ती गल्ल्यावर वटते. रस्त्यात बाटली संपली तर लोक ती कचरापेटीत न टाकता शेजारी उभी करून ठेवतात, बाटल्या वेचणाऱ्याला घाणीत हात घालावा लागू नये म्हणून. बर्लिनकर तोंडाचे फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत, पण मला तरी ही एक गोष्ट बघून ते सगळं माफ करावंसं वाटतं.

डोक्यावरून जाणारे गुलाबी-निळे जाड पाइप ही कलाकृती नव्हे. इथे थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून बांधकामाच्या खड्ड्यातलं पाणी उपसून त्यांतून वाहून नेतात.

पादचाऱ्यांच्या सिग्नलच्या दिव्यातला टोपीवाला माणूस मूळचा पूर्व बर्लिनचा, १९६१चा. जर्मनी एक झाल्यावर त्याला काढायला निघाले, लोकांनी आरडाओरडा केला. आता तो पश्चिमेतही दिसतो.

पत्ता शोधताना सावध! कुरफ्युर्स्टेनडाम या बड्या रस्त्यावर घरांचे नंबर सुरूच ११ पासून होतात, एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळून समोरच्या बाजूने परत येतात. समोरासमोरच्या घरांच्या नंबरांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आपल्या इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस याच शहरात, डाह्लेममध्ये, पीएच.डी. करत होत्या. तेव्हा पोहे कुठून मिळवत असतील कोण जाणे!

आणि रविवार. दुकानं बंद, ड्रिल मशीनचं तर नावच काढू नका. काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायलाही मनाई, कारण खळ्ळकन आवाज होतो. पाहुणे आले आणि दूध संपलं, तर कोपऱ्यावरचं ‘श्पेटी’, म्हणजे उशिरापर्यंत चालणारं छोटं दुकान, उघडं आहे का बघा, नाहीतर सरळ मुख्य रेल्वे स्टेशन गाठा. तिथलं सुपरमार्केट रविवारीही चालू असतं. रांगेत अर्धं बर्लिन भेटेल.